कार्बोरेटरवाली जिप्सी लडाखला न्यायचीये? मग आधी जेटचं बघ

भाऊ, तोरणमाळच्या घाटासाठी कार्बोरेटरला, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाला, हातबी लावू नको, तिथं हजार-अकराशे मीटरला फार फरक पडत नाही. लेह मात्र साडेतीन हजार मीटरवर आहे, तिथं हवेचा दाब आपल्या जळगावच्या दोन तृतीयांशच राहतो, पण जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक, पेट्रोल त्या मानानं कमी करत नाही, मग मिक्श्चर रिच होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त होतं, गाडी गुदमरते, काळा धूर मारते. प्लग खोलून बघ, कोरडी काळी काजळी दिसली की समज. उभ्या गाडीचं आयडलिंग डुगडुगत असेल तर मिक्श्चर स्क्रू थोडा थोडा आत घे, इंजिन गरम असतानाच, पण काही बाईकला तो एअर स्क्रू असतो, तिथं उलटं, बाहेर फिरवायचा. चढावर जोर नसेल तर स्क्रूनं काही होत नाही, मेन जेट एक-दोन नंबर बारीक टाक. इग्निशन टायमिंग किंचित अ‍ॅडव्हान्स कर, म्हणजे प्लगची ठिणगी जरा आधी पडू दे, एअर फिल्टर साफ ठेव. पॉवर तरी कमी राहणारच, मेकॅनिक काहीबी सांगू दे.

आणि खाली उतरलास की जुने जेट लगेच परत टाक बरं का, नाहीतर आपल्या पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडलेल्या, मिक्श्चरवर पिस्टन जाईल. जुने जेट डबीत घालून गाडीतच ठेव.