वाचक विचारतात : मोबाइलमधले नंबर गेले, आता काय?

प्रश्न : बाबांचा जुना फोन भाच्याला दिला. त्याने फोन मोकळा करायचा म्हणून त्यातले सगळे नंबर डिलीट केले, तर बाबांच्या नव्या फोनमधलेही गेले! चारशेच्या वर नंबर होते, गणपती मंडळाची सगळी मंडळी त्यातच. बारा दिवस झाले. परत मिळतील का?
(रामबाग, इंदूर)

उत्तर : मिळायला हवेत, पण आजच बसा. जुन्या फोनवर बाबांचं गूगल खातं तसंच चालू राहिलं होतं. नंबर फोनमध्ये नव्हते, खात्यात होते, आणि दोन्ही फोन त्याच खात्यातली यादी दाखवत होते. म्हणून इकडे पुसलं की तिकडचंही गेलं. खात्यातून डिलीट केलेले नंबर गूगल 30 दिवस ट्रॅशमध्ये ठेवतं. तुमच्या हातात अजून अठरा दिवस आहेत.

आधी भाच्याच्या फोनमध्ये सेटिंग्ज, मग अकाउंट्समध्ये जाऊन बाबांचं खातं काढून टाका. हे राहिलं तर परत आणलेले नंबर पुन्हा त्याच्या फोनमध्ये दिसतील आणि तो पुन्हा पुसेल. खातं काढल्याने नंबर फक्त त्या फोनमधून जातात, खात्यात सुरक्षित राहतात. फोन देतानाच हे करायला हवं होतं, आणि त्यानंतर फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोन पूर्ण कोरा करणं.

आता बाबांच्या फोनमध्ये गूगलचं कॉन्टॅक्ट्स अ‍ॅप उघडा. वर उजव्या कोपऱ्यातल्या फोटोवर बोट ठेवून खातं बाबांचंच आहे ना, ते पाहून घ्या. दोन-तीन जीमेल असलेल्या घरांत इथेच घोटाळा होतो आणि 'ट्रॅश रिकामा आहे' म्हणून माणूस हताश होतो. मग खाली 'ऑर्गनाइझ', त्यात 'ट्रॅश'. एका नावावर बोट दाबून धरा, बाकीची निवडा आणि 'रिकव्हर' करा. चारशे नावं फोनवर निवडण्यापेक्षा कॉम्प्युटरवर कॉन्टॅक्ट्स डॉट गूगल डॉट कॉम उघडलेलं बरं. डावीकडच्या यादीत ट्रॅश आहे.

ट्रॅशमध्ये काही नावं सापडलीच नाहीत, तर त्याच पानावर दातेरी चक्राच्या खुणेत 'अनडू चेंजेस' आहे. यादी किती मागे न्यायची ते तिथे निवडायचं : दहा मिनिटं, एक तास, काल, आठवडा किंवा 30 दिवसांच्या आतली तुम्ही सांगाल ती वेळ. तुम्ही तेरा दिवसांपूर्वीची वेळ द्या. मात्र यात अख्खी यादी त्या क्षणाला परत जाते, म्हणजे या बारा दिवसांत घातलेले नवे नंबर उडतील. त्यासाठी आधी 'एक्स्पोर्ट' करून आजची यादी व्हीसीएफ फाइलमध्ये उतरवून ठेवा, मागाहून 'इम्पोर्ट' करता येते. 'मर्ज', म्हणजे सारखी नावं एकत्र करताना दोन वेगळ्या जोशी काकू एकाच नावाखाली गेल्या असतील, तर त्यांना वेगळं करायलाही हाच उपाय.

प्रश्न : सिम खराब झालं म्हणून कंपनीकडून त्याच नंबरचं नवं घेतलं. नंबर चालू झाला, पण निम्मी नावं गायब. दुकानदार म्हणतो, कंपनीकडे तक्रार करा.
(सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : तक्रारीने काही होणार नाही, कारण सिमवरची नावं कंपनीकडे नसतातच, ती त्या चिपमध्येच असतात. जुनं सिम फेकलं नाही ना? नेटवर्क बंद झालेलं सिमसुद्धा फोन वाचू शकतो, चिप अगदीच मेली नसेल तर. सोन्याच्या रंगाचे पत्रे कोरड्या मऊ कापडाने पुसा, सिम फोनमध्ये घाला, आणि कॉन्टॅक्ट्स अ‍ॅपच्या 'ऑर्गनाइझ'मधून 'इम्पोर्ट फ्रॉम सिम' करा. कुठे ठेवायचं असं विचारलं की गूगल खातं निवडा, 'डिव्हाइस' नको.

सिमवर साधारण 250 नावं मावतात, एका नावाला एकच नंबर, आणि नावाची लांबी तुटपुंजी. मराठीत लिहिलं तर अक्षरं आणखी कमी बसतात, त्यामुळे 'सराफ्यातल्या वहिनी' नुसतंच 'सराफ्यात' होऊन परत येतील. तेवढं हाताने दुरुस्त करावं लागेल. सिमवरून डिलीट केलेल्या नावाला मात्र ट्रॅश नसतो.

प्रश्न : नंबर फक्त फोनमध्येच सेव्ह होते, ते डिलीट झाले. एक जण 1500 रुपयांत सॉफ्टवेअरने काढून देतो म्हणतो. द्यावेत का?
(तिलक नगर, इंदूर)

उत्तर : देऊ नका. आजच्या अँड्रॉइड फोनमधली साठवण एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद असते आणि कॉन्टॅक्ट्सची फाइल सिस्टिमच्या बंदिस्त भागात असते. रूट न केलेल्या, म्हणजे सिस्टिमची कुलपं न तोडलेल्या फोनमध्ये बाहेरचं अ‍ॅप तिथे पोहोचतच नाही. अशी अ‍ॅप्स बहुधा सध्या असलेलेच नंबर 'सापडले' म्हणून दाखवतात, आणि परवानगी देताना तुमची उरलेली यादी त्यांच्या हाती जाते. कोणी स्क्रीन शेअर करायला लावलं किंवा ओटीपी मागितला तर तिथेच थांबा. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

स्वतः इतकं करून पाहा. कॉन्टॅक्ट्सच्या सेटिंगमध्ये 'डिस्प्ले' किंवा फिल्टर नुसत्या गूगल खात्यावर नाही ना? पुष्कळदा नावं डिलीट झालेलीच नसतात, लपलेली असतात. सॅमसंग असेल तर त्यांच्या स्वतःच्या कॉन्टॅक्ट्स अ‍ॅपमध्ये वेगळा ट्रॅश आहे. फाइल्समध्ये 'व्हीसीएफ' असं शोधा, कधीकाळी केलेली प्रत सापडते. नाहीच मिळालं तर व्हॉट्सअ‍ॅप उघडा. नाव गेलं तरी गप्पा आणि नंबर जागेवर असतात, ग्रुपमध्ये नंबराशेजारी '~' खुणेपुढे समोरच्याने स्वतः ठेवलेलं नाव दिसतं. मजकूर वाचून माणूस ओळखायचा आणि तिथूनच सेव्ह करायचं. वेळ लागतो, पण महत्त्वाचे साठ-सत्तर नंबर एका दुपारी होतात.

प्रश्न : आयफोनवर ट्रॅश कुठे असतो?
(राजवाडा परिसर, इंदूर)

उत्तर : फोनमध्ये शोधू नका. ब्राउझरमध्ये आयक्लाउड डॉट कॉम उघडा, 'डेटा रिकव्हरी', मग 'रीस्टोअर कॉन्टॅक्ट्स'. तारखांची यादी येईल, नंबर जाण्याआधीची निवडा. त्या तारखेची यादी तुमच्या सगळ्या अ‍ॅपल उपकरणांवर आजच्या यादीच्या जागी बसते, पण आजचीही एक प्रत आपोआप जपली जाते, त्यामुळे माघारी फिरता येतं. आयफोनवर दिसणारे नंबर आयक्लाउडऐवजी जीमेल खात्यात असतील, तर वर रामबागेच्या वाचकांना सांगितलेलाच मार्ग.