‘विकृत’ म्हणावं की ‘नराधम’?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या गावातल्या पस्तिशीच्या एका बाईनं, ती नऊ वर्षांची असताना नात्यातल्याच माणसानं काय केलं, ते आता बोलून दाखवलं. पारावर तट पडले. एक म्हणतो, “नराधम हाय, फाशी द्या.” दुसरा म्हणतो, “विकृत हाय, दवाखान्यात न्या त्याले.” बाकीचे कुजबुजतात, “जुनं कायले उकरून काढता आता?” यातला बरोबर शब्द कोणता?

ताई, मला दोन्ही पटत नाहीत.

‘विकृत’ हा ‘प्रकृती’च्या घरातला शब्द. प्रकृती बिघडली की विकृती. आयुर्वेदात तो थेट आजारपणाशी जोडलेला आहे. म्हणून तो उच्चारला की ऐकणाऱ्यापुढे वैद्य उभा राहतो आणि गुन्ह्याचा रोग होऊन बसतो. लहान मुलांविषयी लैंगिक ओढ हा मानसोपचारात ओळखला गेलेला विकार आहे, आणि त्यावर उपचार मिळायलाच हवेत. पण अत्याचार करणाऱ्या प्रत्येकाला तो असतोच असं नाही, आणि तो असलेला प्रत्येक जण अत्याचार करतो असंही नाही. उपचार शिक्षेसोबत व्हावेत, शिक्षेच्या बदल्यात नव्हे.

‘नराधम’ म्हणजे माणसांतला नीच. गीतेच्या सातव्या अध्यायातही आहे, ‘प्रपद्यन्ते नराधमाः’. आता तो मथळ्यांत राहतो. तो वाचून डोळ्यांपुढे कुणीतरी परका राक्षस येतो. पोरीच्या ओंजळीत हुरडा ओतून “ये माय, बस” म्हणणारा घरचा माणूस येत नाही.

दोन्ही शब्द माणसाचं वर्णन करतात. मला कृत्याचा शब्द हवाय, आणि तिथंच आपली जीभ अडखळते. बोलताना आपण म्हणतो “वंगाळ काम केलं”. कागदावर येतं ‘विनयभंग’. नऊ वर्षांच्या पोरीचा कसला विनय? इजा तिच्या शरीराला, आणि शब्द मात्र शालीनतेचा!

यानं नुसता अर्थ बिघडत नाही. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा खास कायदा, लागू झाला 14 नोव्हेंबर 2012 रोजी. त्याआधीच्या घटनेला तेव्हाची भारतीय दंड संहिता लागते. तिच्यात त्या काळी विनयभंगाला जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा होती, त्यामुळे न्यायालयानं दखल घ्यायची मुदत एरवी तीन वर्षांची. बलात्काराला मुदतच नाही. म्हणजे ‘जुनं’ खरोखर जुनं झालं का, हे फिर्यादीत काय लिहिलंय त्यावर ठरू शकतं.

तेव्हा त्या बाईसोबत ठाण्यात गेलात, तर तिला जमेल तेवढं, तिच्याच वऱ्हाडीत, त्यानं काय काय केलं ते सांगू द्या. फिर्याद लिहून झाली की वाचून दाखवायला सांगा. तो तिचा हक्क आहे, आणि प्रतही फुकट मिळते. तिनं सांगितलं एक आणि कागदावर नुसताच ‘विनयभंग’ आला असेल, तर सही करण्याआधी तिथंच थांबा.