नॅचरल रबरमध्ये ५ पीएचआर (१०० भाग रबरमागे ५ भाग) नॅनो सिलिका टाकूनही टेन्साइल (ताणून तुटतानाची ताकद) कमी का आली? फिलर खराब आहे का?

तुम्ही लिहिलंय की दोन रोल मिलवर मिक्सिंग केलं, बिनफिलरचं रबर आणि सिलिकावालं रबर दोन्ही प्रेसमध्ये सारखाच वेळ ठेवले आणि टेन्साइल वाढायच्या ऐवजी खाली आली. मी रबर कंपाउंडिंगमध्येच आहे आणि मला फिलरवर अजिबात संशय नाही, संशय आहे तो "सारखाच वेळ" या दोन शब्दांवर.

सिलिकाच्या पृष्ठभागावर सिलॅनॉल (सिलिकॉनला जोडलेले -OH) ग्रुप असतात, ते सल्फरचं काम वेगात करून देणारा अ‍ॅक्सिलरेटर आणि थोडं झिंकसुद्धा धरून ठेवतात, म्हणजे तुम्ही रेसिपीत जेवढा अ‍ॅक्सिलरेटर टाकला तेवढा सल्फरच्या कामाला येतच नाही. क्युअर (सल्फरने रबर पक्कं होणं) हळू होतं आणि क्रॉसलिंकही (रबरच्या साखळ्यांमधले सांधे) कमी पडतात. मग त्याच वेळेला प्रेस उघडला तर एक सॅम्पल पूर्ण क्युअर झालेलं आणि दुसरं अर्धवट, आणि तुम्ही त्यांची तुलना करताय. आधी रिओमीटरवर (क्युअर होताना रबरचा टॉर्क मोजणाऱ्या यंत्रावर) दोन्हींचा टी९० (९० टक्के क्युअर व्हायला लागणारा वेळ) काढा आणि प्रत्येकाला त्याच्या त्याच्या टी९० वर क्युअर करा. जास्तीत जास्त आणि कमीत कमी टॉर्कमधला फरक सिलिकावाल्यात फारच कमी दिसला तर थोडं डीपीजी (डायफिनाइल ग्वानिडीन) किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल घालून बघा, ते सिलिकाच्या पृष्ठभागावर आधी जाऊन बसतात आणि अ‍ॅक्सिलरेटर मोकळा राहतो.

दुसरं म्हणजे सिलिका आत जिरेपर्यंत तुम्ही ते रबर मिलवर जास्त वेळ फिरवलं असणार, सगळेच फिरवतात. थंड मिलवर नॅचरल रबरच्या साखळ्या तुटतात, मॉलिक्युलर वेट उतरतं आणि त्याचा फटका फिलरच्या नावावर जमा होतो. बिनफिलरच्या रबरलाही तेवढाच वेळ मिलवर द्या, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

आता मूळ अपेक्षेबद्दल. नॅनो म्हटलं की लोकांना वाटतं चिमूटभर टाकलं की कमाल होईल, पण साधा हिशोब करून बघा. ५ पीएचआर सिलिका म्हणजे आकारमानाने जेमतेम २.२ टक्के. गुथ आणि गोल्डचं समीकरण आहे, १ + २.५φ + १४.१φ² (φ म्हणजे फिलरचा आकारमानातला वाटा), त्यात हा आकडा घातला तर गोल, सुटे कण असतील तेव्हा मॉड्युलस (कडकपणा) वाढतो साधारण ६ टक्के, बस. पृष्ठभागाच्या बाजूनेही तेच, १७५ चौरस मीटर प्रति ग्रॅमची सिलिका धरली तर १०० ग्रॅम रबरमागे ८७५ चौरस मीटर मिळतात, आणि ५० पीएचआर एन३३० ग्रेडचा कार्बन ब्लॅक, जो प्रति ग्रॅम ७८ च्या आसपास असतो, तो ३,९०० देतो. गंमत म्हणजे कार्बन ब्लॅकचे मूळ कणही ३० नॅनोमीटरच्या आसपासचेच असतात, म्हणजे रबरवाले विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून नॅनो फिलरच वापरतायत, फक्त पिशवीवर तसं छापलेलं नसायचं.

५ पीएचआरमध्ये खरंच काही साधायचं असेल तर कणाचा आकार गोल नको, लांब किंवा चपटा पाहिजे. मॉन्टमोरिलोनाइट क्लेचा एकेक थर साधारण १ नॅनोमीटर जाड आणि त्याच्या शंभर पट किंवा अजून जास्त रुंद असतो, म्हणून थर नीट सुटले तर थोड्यातही कडकपणा येतो आणि हवा अडवण्याचा गुण तर चांगलाच वाढतो. पण थर सुटले तर! त्यासाठी अमोनियम सॉल्टने ट्रीट केलेली क्ले लागते, आणि तो अमोनियम वाला भाग उलट क्युअर फास्ट करतो, म्हणजे तुमच्या सिलिकाच्या बरोबर विरुद्ध. कार्बन नॅनोट्यूबचं म्हणाल तर ती पावडर म्हणजे न विंचरलेल्या केसांचा गुंता, साध्या मिलवर तो सुटत नाही, आणि न सुटलेली गाठ रबरमध्ये आधीच पाडलेल्या चिरेसारखी वागते, ताणल्यावर फाटायला तिथूनच सुरुवात होते. लॅटेक्समध्ये पाण्यातलं डिस्पर्शन मिसळून मग दुधाचं दही होतं तसं गोठवणं हा त्यातल्या त्यात चांगला मार्ग.

अजून एक गोष्ट बरेच जण लक्षात घेत नाहीत. नॅचरल रबर ताणलं की स्वतःच क्रिस्टलाइज होतं, त्यामुळे फिलर न घालताही चांगल्या कंपाउंडची टेन्साइल २० मेगापास्कलच्या वर जाते. तिथे वाढायला जागाच किती? एसबीआर (स्टायरीन-ब्युटाडाइन रबर) असतं तर गोष्ट वेगळी, ते बिनफिलरचं २-३ मेगापास्कलला तुटतं आणि चांगला ब्लॅक घातला की २० च्या वर पोचतं. नॅचरल रबरमध्ये फिलरचं काम बघायचं तर ३०० टक्के मॉड्युलस (३०० टक्के ताणताना लागणारा ताण), टेअर (फाटण्याला विरोध) आणि घासून होणारी झीज बघा, नुसत्या टेन्साइलवरून काही कळत नाही.

सिलेन (सिलिका आणि रबर यांना जोडणारं रसायन) वापरायचं मनात असेल तर टीईएसपीटी हे सिलेन सिलिकाच्या वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तुमच्याकडे ०.४ पीएचआर. पण त्याची सिलिकाशी रिअ‍ॅक्शन नीट व्हायला मिक्सिंगचं तापमान १४० ते १५५ डिग्री लागतं, त्याच्या फार वर गेलं की सिलेनमधलाच सल्फर सुटून कंपाउंड मिक्सरमध्येच क्युअर व्हायला लागतं. ओपन मिलवर हे तापमान येत नाही, म्हणून आधीच सिलेन लावलेली सिलिका घ्या किंवा इंटर्नल मिक्सर गाठा. सिलिका सुरुवातीलाच टाका, रबर अजून घट्ट असतं तेव्हा शिअर चांगला बसतो, तेल नंतर. आणि ही पावडर तोलताना साधा रुमाल नाही, नीट बसणारा रेस्पिरेटर लावा.

दोन्हींचे रिओमीटर ग्राफ आणि कुठला अ‍ॅक्सिलरेटर किती टाकलाय ते कमेंटमध्ये टाका, मग डीपीजी किती घ्यायचं ते सांगता येईल.