.३१५ रायफलचा कंपनीचा ट्रिगर फार जड लागतो. तो हलका करून घ्यावा का?

घाई करू नका. माझ्याकडे वडिलांकडून आलेली .३१५ स्पोर्टिंग आहे, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. देवगडकडे आमचं भात आणि काजू, रानडुकरांचा त्रास कायमचा. परवाना मिळाला म्हणजे डुक्कर मारायची मुभा मिळाली असं नाही, वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागते, ते असो.

सुरुवातीला मलाही तो चाप, म्हणजे ट्रिगर, विहिरीच्या रहाटासारखा वाटायचा. आधी सिंगल बॅरल काडतुसी बंदूक वापरलेली, तिचा चाप सरळ दाबायची सवय. या रायफलची यंत्रणा जुन्या ली-एनफील्ड या ब्रिटिश लष्करी रायफलची, म्हणजे चापाचे दोन टप्पे. चापाच्या डोक्यावर दोन उंचवटे असतात. पहिला सियरला, म्हणजे ताणलेला घोडा अडवून धरणाऱ्या खटक्याला, बराचसा खाली आणतो, तोवर ओढ हलकी. मग दुसरा टेकतो आणि बोटाला अडल्यासारखं होतं. त्या अडण्यापाशी थांबायचं, नेम पक्का करायचा, मग उरलेला दाब द्यायचा. मी एका झटक्यात ओढायचो, त्यामुळे गोळी उजवीकडे खाली जायची आणि शिव्या ट्रिगरला. रिकाम्या रायफलला मासे तोलायचा स्प्रिंगचा काटा लावून पाहिलं, तर ओढ तीन किलोच्या आसपास भरली. या जातीच्या रायफलला ते काही वावगं नाही.

खरी गंमत पुढे. शिमग्यात नीट चालणारा चाप श्रावणात बिघडायचा. पहिला टप्पा लांबायचा, दुसरा खरखरत सुटायचा. या रचनेत चाप रायफलच्या पोलादी बॉडीला नसतो, खालच्या ट्रिगर गार्डला, म्हणजे चापाभोवतीच्या कडीला, पिनेने अडकवलेला असतो, आणि मध्ये असतं लाकूड. आमच्याकडच्या पावसात दारं फुगून चौकटीत बसेनाशी होतात, तिथे रायफलचा दस्ता कसा सुटेल? लाकूड हललं की चाप आणि सियरमधलं अंतर बदलतं. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी ली-एनफील्डच्या नंबर ४ मार्क २ या मॉडेलमध्ये चाप थेट बॉडीला जोडला, तो याच कारणाने.

माझी तर एका निवडणुकीत आचारसंहितेपायी पोलीस ठाण्यात जमा होती. परत आली ती दमट होऊन, स्क्रू ढिले. परवानाधारक दुरुस्तीवाल्याने लाकडाची बैठक नीट केली, गार्डचे स्क्रू आवळले, जुनं घट्ट झालेलं ग्रीस काढलं. सियरला हात लावला नाही. तरी निम्मी तक्रार गेली. आता पावसाआधी लाकडाला जवसाचं तेल देतो.

कानस मात्र घरी लावू नका, गावातल्या लोहारालाही लावू देऊ नका. सियरचा कोन जरा चुकला तर बोल्ट (काडतूस नळीत सरकवणारा दांडा) जोरात पुढे ढकलतानाच बार उडेल. शिवाय विनापरवाना माणसाकडून हत्यार दुरुस्त करून घेणं शस्त्र कायद्यात बसत नाही.

तुमची रायफल पावसाळ्यातच जड लागते की बारा महिने, ते कळवा. बारा महिने लागत असेल तर आधी गार्डचे स्क्रू तपासून घ्या.