जुनी लॅप स्टील गिटार उभं राहून कशी वाजवायची?

काकांकडून आलेली १९५० च्या सुमाराची लॅप स्टील (मांडीवर आडवी ठेवून तारांवर धातूचा बार सरकवत वाजवायची गिटार) ऑर्केस्ट्रात उभं राहून वाजवायची आहे, पट्टा अडकवायला बॉडीत दोन स्क्रू मारू का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून मारू नका. जुनं लाकूड तडकतं, पॉलिशचे पापुद्रे निघतात. बॅकेलाइटची (जुन्या कडक प्लास्टिकची) असेल तर कपचाच उडायचा. रिकनबॅकर या अमेरिकन कंपनीने १९३५ पासून अशा गिटारी काढल्या, नाद काय सुंदर, पण ते मटेरियल ठिसूळ. पडलेलं भोक परत भरून येत नाही. जी करामत करायची ती गिटारखालच्या फळीवर करा.

मी इथे सोलापुरात ऑर्केस्ट्रात हवाईयन, म्हणजे हीच गिटार, वाजवतो, माझी पद्धत सांगतो. सुताराकडून गिटारीपेक्षा बोटभर मोठा प्लाय कापून घ्या. वर जाड फेल्ट चिकटवा. गिटार ठेवून तिच्या कडेने फेल्ट लावलेले लाकडी ठोकळे घट्ट बसवा आणि प्रत्येक ठोकळ्यावर चामड्याची एक जीभ मारा, जी बॉडीच्या काठावर येईल. गिटार हलत नाही, ओरखडाही नाही.

आता पट्टा. अमेरिकन वादक जेरी डग्लस डोब्रो (अशीच आडवी वाजवायची, पण पोकळ बॉडीची गिटार) पट्ट्यावर अडकवून उभा वाजवतो, पण डोब्रोचं पोट जाड, ते अंगाला टेकतं. लॅप स्टील पातळ, ती पुढे कलंडते. म्हणून कड्या फळीच्या प्रेक्षकांकडच्या दोन कोपऱ्यांना लावा आणि अलीकडची कड कमरेच्या पट्ट्यावर टेकवा. रेल्वेत शेंगदाणेवाले पाटी गळ्यात अडकवतात, तसं. पट्टा सुती निवारीचा घ्या, नायलॉनचा घामाने सरकतो. पाठीवर तो फुलीसारखा फिरवला की मानेवर भार येत नाही.

फिरायचं नसेल तर स्टँड बरा. कीबोर्डचा फुलीचा स्टँड मात्र डुलतो आणि व्हायब्रॅटोत ते डुलणं ऐकू येतं. चार पायांचा घ्या. फेंडर कंपनीने आपल्या स्ट्रिंगमास्टर या स्टील गिटारीला पायच दिले होते, कारण तिला दोन-दोन, चार-चार माना. आणि अमेरिकन गायक-वादक ज्युनियर ब्राउनने १९८५ साली गिटार बनवणाऱ्या मायकेल स्टीव्हन्सकडून नेहमीची गिटार आणि लॅप स्टील एकाच बॉडीत करून घेतली, तीही स्टँडवर! उभ्याने वाजवण्याची याहून छान युक्ती मी तरी पाहिलेली नाही.

खरी अडचण डोळ्यांची. तारा मानेवरच्या सुरांच्या खुणांच्या बऱ्याच वर असतात, त्यामुळे बार तिरक्या नजरेने पाहिला की तो बरोबर रेषेवर आहे असं वाटतं आणि सूर मात्र चढा किंवा उतरा लागतो. उभं राहिल्यावर गिटार डोळ्यांच्या जवळ येते, मग दोन्ही टोकांना ही फसगत वाढते. बारावी खूण नाकासमोर येईल अशी गिटार धरा, फळी किंचित आपल्याकडे कलती ठेवा, आणि घरी डोळे मिटून तंबोऱ्याच्या ॲपवर रियाझ करा. व्हॉल्यूम पेडलही सोडा. एका पायावर तोल सांभाळून बार स्थिर राहत नाही, करंगळीने नॉब फिरवायला शिका.

तुमची गिटार ॲल्युमिनियमची असेल तर आणखी एक गोष्ट. रिकनबॅकरची पहिली ‘फ्राइंग पॅन’ स्टेजच्या दिव्यांखाली तापून बेसूर व्हायची. आपल्याकडे मे महिन्यात मांडवात दिव्यांचीही गरज नाही. निवेदकाला आधीच सांगून ठेवा, तुमच्या गाण्याआधी त्याने दोन मिनिटं जास्त बोलावं, तेवढ्यात सूर लावून होतो.