लिनक्स मिंटमध्ये स्क्रीन १०२४ बाय ७६८ वरच अडकली आहे, फुल एचडी कसं करायचं?

तुम्ही लिहिलंय की मॉनिटर १९२० बाय १०८० चा आहे पण मिंट टाकल्यापासून डिस्प्ले सेटिंगमध्ये १०२४ बाय ७६८ च्या वर काही येतच नाही आणि नेटवरच्या कमांड मारूनही फरक पडला नाही. त्या कमांड चुकीच्या नाहीत हो, फक्त त्या सगळ्यात शेवटी मारायच्या असतात. आधी दोष ड्रायव्हरचा (म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) आहे की केबलचा ते बघा.

टर्मिनल उघडा, नुसतं एक्सरँडर (xrandr, स्क्रीनचे पोर्ट आणि मोड म्हणजे रिझोल्यूशन दाखवणारी कमांड) टाइप करा आणि एंटर दाबा. यादीत एचडीएमआय-१, व्हीजीए-१ असं पोर्टचं नाव आलं तर ड्रायव्हर बहुतेक ठीक आहे. पण तिथे नुसतं 'डीफॉल्ट' किंवा 'नन-१' असं लिहून आलं ना, तर ग्राफिक्स कार्डाचा खरा ड्रायव्हर लोडच झालेला नाही, मग कितीही मोड जोडा, सरकणार नाही. बऱ्याचदा याचं कारण म्हणजे नोमोडसेट (nomodeset), ड्रायव्हरला स्क्रीनचा मोड लावू न देणारा शब्द. इन्स्टॉल करताना काळी स्क्रीन येते म्हणून लोक ग्रबमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना लिनक्स चालू करणारा प्रोग्राम) तो शब्द टाकतात आणि नंतर तो तसाच राहून जातो. ईटीसीच्या आतल्या डीफॉल्ट फोल्डरमधली (/etc/default) ग्रब नावाची फाइल सुडोने, म्हणजे अॅडमिनच्या परवानगीने, उघडा, तो शब्द काढा, सुडो अपडेट-ग्रब मारा, रीस्टार्ट करा. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर हे करायच्या आधी ड्रायव्हर मॅनेजरमधून रेकमेंडेड लिहिलेला ड्रायव्हर टाकून घ्या, नाहीतर पुन्हा काळी स्क्रीन यायची.

पोर्टचं नाव बरोबर आहे तरी मोड कमीच, असं असेल तर केबल तपासा. मॉनिटरच्या आत ईडीआयडी नावाची छोटीशी माहिती असते, मूळ भाग फक्त १२८ बाइटचा, त्यात त्या मॉनिटरला कुठले रिझोल्यूशन चालतात ते लिहिलेलं असतं. व्हीजीए केबलमध्ये ती १२ आणि १५ नंबरच्या पिनवरून येते. त्यातली एखादी पिन वाकली असेल किंवा मध्ये साधा कन्व्हर्टर असेल तर चित्र छान दिसतं पण ही माहिती पोचत नाही, म्हणून कॉम्प्युटर १०२४ वर थांबतो. दुसरी केबल लावून बघा, शक्य असेल तर सरळ एचडीएमआय ते एचडीएमआय.

केबल बदलता येत नसेल तर मग हाताने. सीव्हीटी १९२० १०८० ६० (cvt 1920 1080 60) मारलं की मोडलाइनची, म्हणजे त्या मोडच्या टायमिंगच्या आकड्यांची, एक ओळ मिळते, त्यात नावानंतर पहिला आकडा १७३.०० असतो. मोडलाइन हा शब्द सोडून पुढचं सगळं एक्सरँडरच्या न्यूमोडला (--newmode) द्या, मग अॅडमोडने (--addmode) ते नाव तुमच्या पोर्टला जोडा, मग आउटपुट (--output) आणि मोड (--mode) देऊन लावा. पोर्टचं नाव एक्सरँडरने दाखवलं तस्संच लिहा, डॅशसकट, नेटवरच्या कमांडमध्ये दुसऱ्याच कोणाच्या पोर्टचं नाव असतं आणि निम्मे लोक तिथेच अडकतात.

रीस्टार्ट केल्यावर हे जातं, म्हणून त्याच तीन ओळी होम फोल्डरमध्ये डॉट एक्सप्रोफाइल (.xprofile) नावाच्या फाइलमध्ये टाकून ठेवा. वेलँड सेशनमध्ये (स्क्रीन दाखवायची नवी पद्धत) असाल तर हा हाताने मोड जोडायचा मार्ग चालणार नाही, लॉगिनच्या वेळी साधं सिनॅमन (मिंटचा नेहमीचा डेस्कटॉप) निवडा. एवढं करूनही अडलं तर एक्सरँडरचं पूर्ण आउटपुट इथे टाका, मी बघतो.