वाचकांचे प्रश्न : अडथळा आला की पोरगा थबकतो

प्रश्न : मुलगा 17 वर्षांचा आहे. रस्त्यावर 10 किलोमीटर 36 मिनिटांत पळतो. धावपटू अविनाश साबळेला बघून त्याने स्टीपलचेस (पक्के अडथळे आणि पाण्याच्या खड्ड्यावरून उडी असलेली 3000 मीटरची शर्यत) धरली. दम पुरतो, पण अडथळा आला की थबकतो. सुरुवात करायला उशीर झाला का? आमच्या ग्राउंडवर पाण्याचा खड्डाही नाही.
– एक पालक, फलटण

उत्तर : उशीर कसला? मांडव्याचा (ता. आष्टी, जि. बीड) साबळे 5 महार रेजिमेंटमध्ये भरती झाल्यावर आधी क्रॉस कंट्री पळायचा. प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या हाताखाली 2017 मध्ये तो स्टीपलचेसला आला. पुढच्याच वर्षी भुवनेश्वरला 8:29.80 (8 मिनिटं 29.80 सेकंद) वेळ देऊन त्याने गोपाल सैनी यांचा 1981 चा राष्ट्रीय विक्रम मोडला. जुलै 2024 मध्ये पॅरिसला डायमंड लीग या अव्वल खेळाडूंच्या शर्यतमालिकेत 8:09.91. हे वीस सेकंद आणखी नऊ वेळा विक्रम मोडून, थोडे थोडे कमी झालेत.

आता थबकण्याचं. 3000 मीटरमध्ये 28 साधे अडथळे आणि 7 पाण्याचे. प्रत्येकी दशांश सेकंद गेला तरी साडेतीन सेकंदांचा फटका. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुलात साबळेचं सुवर्ण 0.05 सेकंदाने हुकलं!

मुलगा बहुधा एकाच पायाने अडथळा ओलांडतो. तो पाय जुळावा म्हणून शेवटची चार-पाच पावलं आखूड पडतात, वेग तिथेच मरतो. 110 मीटर हर्डल्ससारखी पावलं मोजून इथे चालत नाही. पुढे घोळका असतो, अडथळा उशिरा दिसतो. म्हणून दोन्ही पाय तयार हवेत. 76 सेंटिमीटरच्या, धक्का लागला की पडणाऱ्या पाच हर्डल्स मुद्दाम कमी-जास्त अंतरावर लावा. आधी चालत, मग जॉग करत, एक फेरी डाव्या पायाने, एक उजव्या. आठवड्यातून दोनदा, पाय ताजे असताना. हे जमल्यावर 400 मीटरच्या फेऱ्यांत चार अडथळे घाला. 91.4 सेंटिमीटरचा पक्का अडथळा सगळ्यात शेवटी. तो पडत नाही, आपण पडतो. एकदा गुडघा आपटला की भीती महिनाभर जात नाही.

पाण्याच्या उडीला लांब उडीचा वाळूचा खड्डा चालतो. अलीकडच्या काठाशी पक्का अडथळा ठेवा. तळव्याचा मधला भाग आडव्या दांडीवर टेकवायचा, गुडघा वाकलेलाच, आणि रेटा पुढे द्यायचा. बहुतेक पोरं वर उडतात. मग शर्यतीत थेट खाली, जिथे पाणी सगळ्यात खोल तिथे पडतात आणि जागीच थांबतात. पलीकडे खड्डा उथळ होत जातो, तिथे एक पाय पाण्यात, दुसरा बाहेर. एका सत्रात सहा-आठ उड्या बास. थकलेल्या पायांनी ही उडी नकोच. जुलै 2025 मध्ये मोनॅकोला साबळे पाण्याच्या उडीलाच पडला आणि गुडघ्याचा लिगामेंट फाटला.